मुलांना घेऊन हैदराबाद: जुनं शहर दमवून न घेता कसं बघायचं

हैदराबादला राहत असल्यामुळे दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की आमच्याकडे नातेवाईकांचे फोन सुरू होतात. "मुलांना घेऊन येतोय गं, दोन-तीन दिवसांत काय काय होईल?" आणि मागोमाग व्हॉट्सॲपवर यादी येते ज्यात रामोजी फिल्म सिटी, गोवळकोंडा, चारमिनार, सालारजंग, झू, स्नो वर्ल्ड, बोटिंग, मोत्यांची खरेदी आणि दोन ठिकाणची बिर्याणी असं सगळं शनिवार-रविवारात कोंबलेलं असतं. असं होत नाही. म्हणजे मोठ्यांचं होईलही कसंबसं, पण सात-आठ वर्षांचं पोर दुसऱ्या दिवशी दुपारी फूटपाथवर बसकण मारतं आणि मग आईबाप एकमेकांवर चिडतात.

माझं मत सरळ आहे. हे शहर मुलांना डोळ्यांपेक्षा कानांनी आणि हातांनी जास्त कळतं. इथे टाळी वाजवली की किल्ल्याच्या टोकावर ऐकू जाते, घड्याळातून बाहुला बाहेर येऊन टोले देतो, गल्लीत समोर बसून माणूस लाखेची बांगडी वळतो. या गोष्टींभोवती दिवस आखा, इमारतींच्या यादीभोवती नको. सकाळी एक मोठी गोष्ट, दुपारी खोलीवर आराम, संध्याकाळी एक छोटी गोष्ट, बस्स. खाली सांगतेय ते साधारण पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे, तीन दिवस हातात आहेत असं धरून.

आधी तारखा ठरवा, आणि वार बघा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि गोवळकोंड्याचा दगड असा तापतो की मोठ्यांनाही नको होतं, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत यायचं असेल तर किल्ला सकाळी उघडल्या उघडल्या नाहीतर सोडून द्या. पावसाळा वाईट नाही, उलट किल्ला हिरवा दिसतो, फक्त पायऱ्या निसरड्या होतात.

वारांची भानगड मात्र महत्त्वाची. शुक्रवारी सालारजंग म्युझियम बंद असतं, चौमहल्ला पॅलेसही बंद, आणि मक्का मशिदीत दुपारच्या नमाजाला मोठी गर्दी असते म्हणजे चारमिनारच्या आजूबाजूला गाडी सोडा, चालणंही अवघड. सोमवारी झू बंद. लोक तिकिटं काढून बसतात आणि मग कळतं. तुमच्या तीन दिवसांत शुक्रवार येत असेल तर त्या दिवशी गोवळकोंडा ठेवा.

रमझानच्या महिन्यात चारमिनारची रात्र बघण्यासारखी असते, हलीमच्या भट्ट्या, कपड्यांचे ठेले, रोषणाई, पण पाच वर्षांच्या मुलाला घेऊन रात्री त्या गर्दीत जाऊ नका, दहा-बाराचं असेल तर जरूर न्या. आषाढात बोनालू हा देवीचा उत्सव असतो, त्याची सुरुवात गोवळकोंड्यावरच्या देवीपासून होते, तेव्हा किल्ल्यावर तुफान लोक. आणि गणपतीत खैरताबादचा अवाढव्य गणपती बघायला आपल्याकडच्या मुलांना जाम मजा येते (1954 पासून बसतोय तो), फक्त विसर्जनाच्या दिवशी हुसेनसागर तळ्याच्या बाजूला फिरकू नका, रस्ते बंद असतात.

यायचं कसं, राहायचं कुठे

मुंबईहून हुसेनसागर एक्सप्रेसने रात्री बसलात की झोपेतच निम्म्याहून जास्त प्रवास होतो, मुलांसाठी हाच प्रकार बरा. पुण्याहून शताब्दी सकाळी सुटून दुपारी सिकंदराबादला पोचवते. मराठवाड्यातून देवगिरी किंवा अजिंठा. इथे एक सांगून ठेवते, शहरात स्टेशनं बरीच आहेत, नामपल्ली (तिकिटावर हैदराबाद डेक्कन असं येतं), सिकंदराबाद, काचीगुडा, बेगमपेट, लिंगमपल्ली. हॉटेल बुक करायच्या आधी आपली गाडी नेमकी कुठल्या स्टेशनावर जाते ते बघा, कारण लिंगमपल्ली ते चारमिनार म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. विमानाने आलात तर शमशाबादहून पुष्पक बस मिळते, कॅबपेक्षा बरीच स्वस्त पडते.

राहायला बहुतेक लोक हायटेक सिटीकडे हॉटेल घेतात कारण फोटो छान असतात. नका घेऊ. जुनं शहर बघायला आलाय ना, मग रोजचे दोन-तीन तास ट्रॅफिकमध्ये कशाला घालवायचे. लकडीकापूल-खैरताबाद हा पट्टा मला सगळ्यात सोयीचा वाटतो. मेट्रोची रेड लाईन दाराशी, हुसेनसागर आणि बिर्ला मंदिर जवळ, जुनं शहर काही स्टेशनांवर, खायला भरपूर. नामपल्ली-आबिड्स अजून स्वस्त पण गोंगाट फार. खोली घेताना दुपारी परत यायचंय हे डोक्यात ठेवा, स्विमिंग पूल असो नसो, खोली थंड आणि जवळ हवी.

शहरात फिरायचं कसं

मेट्रो 2017 च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि मुलांना नुसती मेट्रोसुद्धा ट्रिपमधली एक गंमत वाटते, पूर्ण उन्नत मार्ग आहे त्यामुळे खिडकीतून शहर दिसतं. पण चारमिनारपर्यंत मेट्रो अजून जात नाही, त्या बाजूचं काम चालू आहे. रेड लाईनवर उस्मानिया मेडिकल कॉलेज किंवा एमजीबीएसला (महात्मा गांधी बस स्टेशन) उतरायचं आणि तिथून ऑटो. ऑटोवाला मीटरने येईल या भ्रमात राहू नका, ॲपवरून बुक करा किंवा चढायच्या आधी भाडं ठरवा, आणि हिंदी बिनधास्त बोला, इथल्या दखनीत आपल्या मराठीचे शब्द इतके मिसळलेत की पोरं दोन दिवसांत रिक्षावाल्याशी गप्पा मारायला लागतात.

स्वतःची गाडी आणली असेल तर हॉटेलवर ठेवून द्या. जुन्या शहरात पार्किंग शोधणं हा एक वेगळाच उद्योग आहे.

पहिला दिवस: गोवळकोंडा, आणि आधी थोडी गोष्ट

किल्ला साधारण नऊला उघडतो, तुम्ही नऊला गेटवर हवं. पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. पाण्याच्या दोन बाटल्या, टोप्या, चांगले बूट, आणि थोडा सुका खाऊ, आत वर चढल्यावर फारसं काही मिळत नाही.

पण त्याच्या आदल्या रात्री मुलांना गोष्ट सांगून ठेवा, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते. कारण आपल्या मुलांना हा किल्ला परका नाही. 1677 मध्ये दक्षिण दिग्विजयाला निघालेले शिवाजी महाराज इथे, तेव्हाच्या भागानगरला, येऊन अबुल हसन कुतुबशहाला भेटले होते. मादण्णा आणि आकण्णा हे त्याचे कारभारी, ती भेट घडवून आणण्यात मादण्णाचा मोठा हात. येसाजी कंकांनी इथे कुतुबशहासमोर हत्तीशी झुंज दिली अशी कथा आहे ती तर बहुतेक मुलांनी ऐकलेली असते. मग किल्ल्यात शिरताना दरवाजावरचे ते टोकदार लोखंडी खिळे दाखवा आणि विचारा, हे कशाला असतील? हत्तीने दार फोडू नये म्हणून, हे दहातली आठ पोरं स्वतःच ओळखतात.

आता टाळी. बाला हिसार दरवाजातून आत गेलं की घुमटाखालची एक जागा आहे, तिथे कायम कुणी ना कुणी गाईड टाळ्या वाजवत उभा असतो म्हणून शोधावी लागत नाही. तिथे वाजवलेली टाळी वर, जवळजवळ एक किलोमीटर लांब टोकावर ऐकू जाते. घाईत फक्त खालून टाळी वाजवून, फोटो काढून पुढे जाऊ नका. दोन गट करा. एक मोठा माणूस एका मुलाला घेऊन वर जाईल, दुसरा खाली थांबेल. वर पोचल्यावर फोन करायचा आणि मग खालच्याने टाळ्यांचा एक ठरवलेला इशारा द्यायचा, समजा तीन सावकाश आणि दोन पटापट. वर उभं राहून खालचं माणूस मुंगीएवढंही दिसत नसताना त्याची टाळी कानावर येते तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात, पुढचा अर्धा तास मग उलटसुलट इशारे चालू राहतात. एक पथ्य, सकाळी लवकरच हे जमतं, अकरानंतर शाळांच्या सहली आल्या की खाली एकाच वेळी वीस जण टाळ्या पिटत असतात आणि कुणाची कुठली काही कळत नाही.

वर जायला साडेतीनशेहून जास्त पायऱ्या आहेत. पण टप्प्याटप्प्याने थांबायला जागा आहेत, भद्राचलमच्या रामदासांना (आपले समर्थ नव्हेत, तेलुगू संतकवी) जिथे कोंडलं होतं ती कोठडी, धान्याचं कोठार, महाकालीचं मंदिर, आणि अगदी वर बारादरी. कोठडी मुलांना थोडी भीतीदायक वाटते आणि त्यामुळेच आवडते. गाईड घ्यायचा का? माझं म्हणणं घ्या, पण आधी सांगा की मुलांना सांगायचंय, सनावळ्या कमी आणि किल्ल्यात पाणी वर कसं चढवायचे हे दाखवा. रहाटांनी पाणी एका टाकीतून वरच्या टाकीत चढवत न्यायचे आणि मातीच्या नळ्यांतून खेळवायचे, त्या नळ्यांचे तुकडे भिंतींत अजून दिसतात.

1687 मध्ये औरंगजेबाने आठ महिने वेढा घालून शेवटी फितुरीने किल्ला घेतला. अबुल हसनला कैद करून नेलं ते आपल्या दौलताबादला. तुमची मुलं दौलताबादचा चिनी महाल बघून आली असतील तर त्यांना सांगा, तिथे ठेवलेला राजा तो हाच. किल्ल्यापासून जवळच कुतुबशाही राजांचे घुमट (म्हणजे कबरी) आहेत, मोठी बाग आहे, पळायला भरपूर जागा, आणि तिथे या शेवटच्या राजाचं थडगं नाही कारण तो कैदेतच गेला, त्याचं थडगं खुलताबादला. त्याच दिवशी दोन्ही करायचं असेल तर किल्ला साडेअकरापर्यंत संपवा, घुमट तासाभरात बघा (शुक्रवारी असाल तर घुमट सोडा), आणि थेट जेवण नि खोली. संध्याकाळचा लाईट अँड साऊंड शो चांगला आहे पण सकाळी किल्ला चढलेलं मूल संध्याकाळी तिथे खुर्चीत झोपतं, शिवाय डास. भाषा दिवसाप्रमाणे बदलते, जायचंच असेल तर आधी विचारून घ्या.

त्या दिवशीची संध्याकाळ हुसेनसागरला. तळं कुतुबशाहीतलं, सोळाव्या शतकातलं, आणि मधोमध उभा बुद्ध. एकाच दगडातला, अठरा मीटरच्या आसपास उंच. याची गोष्ट मुलांना जबरदस्त आवडते: 1990 मध्ये पुतळा तराफ्यावरून नेताना उलटला, काही माणसांचा जीव गेला आणि बुद्ध तळ्याच्या तळाशी दोन वर्षं पडून राहिला, मग बाहेर काढून 1992 च्या डिसेंबरात उभा केला. लुंबिनी पार्कमधून बोट जाते पुतळ्यापर्यंत. उन्हाळ्यात पाण्याला वास येतो हे खरं आहे, तेव्हा टँकबंडवर, म्हणजे तळ्याच्या बांधावरच्या रस्त्यावर, लांबूनच बघा.

दुसरा दिवस: सालारजंग, बारा वाजता

इथलं सगळं गणित एका घड्याळावर आहे. दहाला म्युझियम उघडतं. बॅगा बाहेर जमा कराव्या लागतात, त्यामुळे मुलाचा रुमाल, औषध काय असेल ते खिशात ठेवा. आत शिरल्यावर सगळी दालनं बघायचा मोह टाळा, नाहीतर मोठी माणसंसुद्धा तिसऱ्या दालनात जांभया देतात. तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तू आहेत या बहुतेक, एका माणसाने इतकं सगळं जमवलं हे मुलांना सांगितलं की "याच्या घरात झोपायला जागा होती का?" असा प्रश्न येतोच. 1951 मध्ये त्यांच्याच देवडीत हे म्युझियम सुरू झालं आणि 1968 मध्ये मुसीच्या काठावरच्या या इमारतीत आलं.

मी मुलांना घेऊन गेले की चारच गोष्टी दाखवते. पहिली, तो लाकडी दुहेरी पुतळा, पुढून मेफिस्टोफिलीस (फाउस्टच्या गोष्टीतला सैतान) आणि मागून मार्गारेटा (त्याच गोष्टीतली मुलगी), एकाच ओंडक्यातून कोरलेला. मागे आरसा लावलाय. मुलाला आधी फक्त पुढून बघू द्या, मग आरशात बघायला सांगा. दुसरी, बुरख्यातली रिबेका, बेन्झोनी नावाच्या इटालियन शिल्पकाराने केलेली. संगमरवराचा पदर आरपार दिसतो असं वाटतं, पोरांचा हात आपोआप पुढे जातो तो धरून ठेवा. तिसरी, शस्त्रांचं दालन, याला काही सांगावं लागत नाही. चौथी, खेळण्यांचा विभाग, जुन्या आगगाड्या आणि शिशाचे सैनिक.

आणि मग पावणेबाराच्या आधी घड्याळाच्या चौकात बसायला जायचं. इंग्लंडमधल्या सुट्या भागांपासून कलकत्त्याच्या कुक अँड केल्वी कंपनीने तयार केलेलं हे घड्याळ. समोर बसायची सोय आहे पण बाराच्या टोल्यांना गर्दी सर्वात जास्त, कारण बारा टोले एकदम ऐकायला मिळतात. खालच्या बाजूला एक दाढीवाला लोहार सतत हातोडी मारत असतो, एक ठोका म्हणजे एक सेकंद. मुलाला आधी तो लोहार शोधायला लावा, मग वाट बघणं सोपं जातं, पोरं आपोआप ठोके मोजायला लागतात. तास व्हायला तीन मिनिटं असताना वरच्या छोट्या दारातून दुसरा दाढीवाला बाहेर येतो, घंटेजवळ उभा राहतो आणि वेळ झाली की टोले देतो आणि परत आत जातो. एवढंच. पण तीनशे माणसं गप्प बसून एका बाहुल्याकडे बघतायत हा प्रकार मुलांना कमाल वाटतो. छोट्या मुलाला खांद्यावर घ्या, मागून काही दिसत नाही. बाराची गर्दी नको असेल तर अकराचे टोले घ्या, टोला एकच कमी.

बाहेर पडलं की समोर मुसी नदी, सध्या नाला म्हणावी अशी. पण 1908 च्या सप्टेंबरात हीच नदी एवढी फुगली होती की शहराचा मोठा भाग वाहून गेला आणि अफजलगंजच्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली. ते झाड उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात अजून आहे. हॉस्पिटल आहे म्हणून उगीच पोरांची वरात घेऊन आत शिरू नका, पुलावरून गोष्ट सांगितली तरी चालते. त्या पुरानंतरच अभियंते विश्वेश्वरय्यांचा सल्ला घेऊन उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन तलाव बांधले गेले.

त्याच दिवशी संध्याकाळी: चारमिनार आणि लाड बझार

दुपारी झोप काढा. चारला निघा म्हणजे पावणेपाचपर्यंत पोचाल, वर चढायचं असेल तर अजून वेळ असतो, साडेपाचच्या सुमारास बंद करतात. वर चढायचं का? अरुंद गोल जिना आहे, काळोखा, दगडी, वर जाणारे-येणारे एकमेकांना अंग चोरून वाट देतात. फक्त पहिल्या मजल्यापर्यंत सोडतात. सहाच्या खालचं मूल असेल तर मी म्हणेन नको. मोठी मुलं असतील तर जा, वरून चारी बाजूंचे रस्ते चार दिशांना सरळ गेलेले दिसतात आणि शहर कसं आखलं ते एका नजरेत कळतं. 1591 मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहाने बांधला, प्लेगची साथ ओसरली म्हणून बांधला असं म्हणतात. चार बाजूंची घड्याळं मात्र नंतरची आहेत, 1889 मधली.

खाली उतरल्यावर मोठ्यांसाठी इराणी चहा, मुलांसाठी दुधात बुडवून उस्मानिया बिस्कीट. चारमिनारला लागूनच निमरा कॅफे आहे, भट्टीतून निघालेली गरम बिस्किटं तिथे ट्रेमधून येतात, अर्धी गोड अर्धी खारट चव. उभ्यानेच खायचं, टेबलाची वाट बघू नका.

मग लाड बझार. इथे बायका दोन तास घालवतात आणि मुलं रडकुंडीला येतात, म्हणून क्रम उलटा करा, आधी मुलाला बांगडी कशी होते ते दाखवा आणि मग खरेदी. काही दुकानांच्या बाहेर किंवा मागच्या गल्लीत कारागीर बसलेले असतात, विचारलं तर दाखवतात. समोर कोळशाची शेगडी, लाखेचा गोळा काठीला लावून तो निखाऱ्यावर मऊ करायचा, लाटल्यासारखा लांब वळायचा, गोल करून टोकं जुळवायची, आणि लाकडी साच्यावर चढवून माप बरोबर करायचं. मग बांगडी परत गरम करून एकेक खडा चिमट्याने उचलून त्यात दाबायचा. एकेक! एका बांगडीत किती खडे असतात हे पोरीने बसून मोजलं की पुढे दुकानात आई घासाघीस करताना ती मध्ये पडते, "अगं आई, केवढं काम असतं." घासाघीस तरीही करा, सांगितलेल्या भावाला कुणी घेत नाही. मुलाच्या मापाच्या बांगड्याही मिळतात, हात मोजून घ्या. शेगडीच्या फार जवळ मूल जाऊ देऊ नका आणि कारागिराला चहापाण्याचे काहीतरी द्या.

गर्दीबद्दल नीट सांगते. चारमिनारभोवती गाड्या बंद केलेल्या आहेत पण माणसं, ठेले, फुगेवाले मिळून चालायला जागा कमीच. आत शिरायच्या आधी मुलाच्या हातावर पेनाने तुमचा मोबाईल नंबर लिहा, आणि हरवलं तर कुठे थांबायचं ते ठरवा. "चारमिनारखाली" असं सांगू नका, चारी कमानी सारख्याच दिसतात. एखादं ठरलेलं दुकान, नाहीतर पोलिस चौकी. लाल-पिवळा भडक टीशर्ट घाला. पाकीट पुढच्या खिशात. फुगेवाला आणि बुडबुडेवाला यांच्यासाठी शंभर रुपये वेगळे काढून ठेवा, सुटका नाही.

मक्का मशीद बघायची असेल तर अंगभर कपडे हवेत, मोठ्या मुलींनी ओढणी ठेवावी. कबुतरांना दाणे टाकायला मुलांना आवडतं.

जेवणाचं काय

बिर्याणी तिखट असते, हे आधी मान्य करा. मुलासाठी वेगळी मागवू नका, तुमच्यातलाच वरचा पांढरा भात बाजूला काढून दह्याच्या चटणीबरोबर द्या. एक प्लेट दोघांना पुरते, कित्येक ठिकाणी तिघांना. मिरची का सालन (मिरच्यांचा रस्सा) मुलांच्या ताटापासून लांब ठेवा.

शाकाहारी असाल तर उपाशी राहाल अशी भीती नको. सकाळच्या टिफिन सेंटरला इडली, उपमा घातलेला पेसरट्टू (मुगाचा डोसा), लोणी डोसा मिळतो, दुपारी कुठेही दहीभात, आणि मुलांना तोंडी लावायला पापड दिला की झालं. गोड म्हणाल तर खुबानी का मीठा (जर्दाळूचा) मोठ्यांना आवडतो, पोरांना डबल का मीठा (पावाचा). पण खरी जागा मोझमजाही मार्केट. 1935 सालची दगडी इमारत, मध्ये उंच घड्याळाचा मनोरा, आणि एका अंगाला आईस्क्रीमची जुनी दुकानं, लाकडी पिंपात हाताने फिरवून केलेलं फळांचं आईस्क्रीम. सीताफळाच्या दिवसांत गेलात तर दुसरा फ्लेवर बघूच नका. रात्री नऊनंतर जा, तेव्हाच रंगत असते.

पाणी मात्र सीलबंद बाटलीचंच, आणि रस्त्यावरच्या कापलेल्या फळांना नको म्हणा.

तिसरा दिवस: मुलाला निवडू द्या

दोन दिवस तुम्ही ठरवलंत, तिसऱ्या दिवशी मुलाला पर्याय द्या.

प्राणी आवडणारं असेल तर झू. 1963 सालचा, प्रचंड मोठा, आत फिरायला बॅटरीची गाडी घ्या, पायी होत नाही. त्याच भागात सुधा कार म्युझियम आहे, बुटाच्या, क्रिकेट बॉलच्या, बर्गरच्या आकाराच्या गाड्या, आणि त्या खरोखर चालतात. तासाभराचं काम आहे पण पोरं वेडी होतात.

राजवाडा आवडणारं असेल तर चौमहल्ला, निजामाच्या जुन्या मोटारी, झुंबरं, मोकळं अंगण. मराठवाड्यातून आलेल्यांनी इथे मुलांना एवढं सांगावं की 17 सप्टेंबरला शाळेत झेंडा लागतो तो याच निजामाच्या राज्यातून 1948 मध्ये सुटल्याबद्दल. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद, सगळा कारभार इथून चालायचा, आणि आपल्याकडच्या कित्येकांचे पणजोबा शिकायला उस्मानिया विद्यापीठात आलेले असतात. घरी कुणाचा जुना दाखला वगैरे असेल तर निघण्याआधी मुलाला दाखवून आणा.

आणि डायनासोरवालं मूल असेल, तर डोळे मिटून बिर्ला सायन्स म्युझियम. बिर्ला मंदिराच्या टेकडीजवळच आहे, तारांगणही तिथेच. आत कोटासॉरसचा सांगाडा उभा आहे, नऊ मीटरच्या आसपास लांब, जुरासिक काळातला. हा कुठून परदेशातून आणलेला नाही, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या यमनपल्लीला याची हाडं सापडली. आणि त्याच्या नावातलं कोटा हे आपल्या गडचिरोलीतल्या सिरोंचा तालुक्यातलं गाव, तिथल्या खडकांना हे नाव पडलं आणि खडकांवरून प्राण्याला. विदर्भातून आलेल्या पोराला हे सांगितलं की तो पुढे वर्गात काय भाव खातो विचारू नका. म्युझियमची काही उपकरणं जुनी झालीत, एखादं बंदही असतं, तरी दोन तास आरामात जातात. वेळ उरला तर मेट्रोने असेंब्ली स्टेशन, पब्लिक गार्डनमधल्या स्टेट म्युझियममध्ये इजिप्तची खरी ममी आहे. हेही शुक्रवारी बंद. झोपेत घाबरणारं मूल असेल तर ममी नको.

रामोजीबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते. शहराच्या बाहेर लांब आहे, तिकीट महाग, पूर्ण दिवस जातो. चौथा दिवस असेल तरच.

परतीची गाडी संध्याकाळची असेल तर सकाळी सामान हॉटेलच्या क्लोकरूमला टाका आणि स्टेशनला निघायच्या दीड तास आधी कॅब बुक करा, पाच ते आठच्या ट्रॅफिकमध्ये गुगल जे सांगतं त्यात अर्धा तास वाढवा. गाडीत खायला बिर्याणी बांधून घ्यायची असेल तर सालन वेगळ्या डब्यात घ्या, पिशवीतलं सालन बर्थवर सांडलं की रात्रभर डब्यात कुणी झोपत नाही. बिस्किटांचे डबे मात्र जास्तीचे घ्या, घरी पोचेपर्यंत एक तरी संपतो.